सतरा वर्षांचा दाखला

मुरूड म्हटले की पुण्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो. हे मुरूड ते नव्हे. हे दापोलीच्या पश्चिमेचे, हर्णैला लागून असलेले. पुळणीवर डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीवाल्यांची हाकाटी चालू असते आणि रस्त्याकडेला ‘एसी रूम, घरगुती जेवण’ अशा पाट्या लागलेल्या असतात. पण किनारा सोडून आत वळले की गाव अजून दोरी धरून आखल्यासारखे सरळ आहे. मधून रस्ता, दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, त्यांच्यामागे घरे आणि घरांमागे पोफळींची आगरे. भाद्रपद संपत आला होता. पावसाचा जोर ओसरला होता, तरी गडग्यांवरचे शेवाळ ओलेच होते आणि जिथे म्हणून माती दिसेल तिथे तेरडा फुललेला होता.

धोंडो केशव कर्वे यांच्या लहानपणावर मी लिहीत होते. महिला विद्यापीठ काढणारे, भारतरत्न मिळालेले, एकशे चार वर्षे जगलेले अण्णा सगळ्यांना ठाऊक आहेत. पुतळे त्यांचे होतात. मला हवा होता १८७५च्या सप्टेंबरात या गावातून साताऱ्याला पायी निघालेला मुलगा. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची, तिला वयाची सतरा वर्षे पुरी झालेली हवीत, म्हणून सोबत्यांबरोबर शंभराहून अधिक मैल, भर पावसात, कुंभार्ली घाट चढून तो गेला. साताऱ्यात परीक्षकांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि हा काही सतराचा दिसत नाही म्हणून परत धाडले. वय तर पुरे होते. ही हकीकत त्यांनीच ‘आत्मवृत्ता’त लिहिली आहे. ते पुस्तक १९१५चे, म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी आठवलेले हे सतरावे वर्ष. त्या आठवणीशेजारी त्या काळचा एखादा कागद ठेवून पाहावा या लोभाने मी त्याच वाटेने निघाले होते. पायी मात्र नव्हे. एसटीने, आणि जिथे एसटी नाही तिथे सहा आसनी रिक्षाने.

कोकणात कुणाकडे जुने कागद मागायचे तर आधी स्वतःची कागदपत्रे सादर करावी लागतात, तीही तोंडी. ज्या घरी मी गेले ते कर्व्यांचे नव्हे, पण तितकेच जुने. पडवीतल्या झोपाळ्यावर काका बसले होते. मी नाव सांगितले तर म्हणाले, “ते झालं सासरचं. माहेरच्या कोण?” मग माहेरचे गाव, मग आजोळ, मग चुलतआत्याची एक सोयरीक गुहागरकडे निघाली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पुण्यात दार अर्धे उघडून “काय काम आहे?” असे विचारतात आणि काम झाले की तेच दार बंद होते. इथे दुसरा चहा होईपर्यंत कामाचा विषय काढणे असभ्यपणा. कामाचे मी सांगितले त्यावर ते एवढेच म्हणाले, “बघू.” या ‘बघू’चा अर्थ पुणेकराने नकार असा घ्यावा आणि उठून जावे. मी उठले नाही, कारण आतून काकूंनी “पानं घेतल्येत हो” अशी हाक दिली.

कुळथाचे पिठले, मऊ भात, वर तुपाची धार, लोणच्यातल्या आवळ्याची फोड, फणसाचे तळलेले गरे आणि वाटीत सोलकढी. पाहुणी आली म्हणून वेगळे काही केलेले नाही, हे काकूंनी दोनदा सांगितले. त्यात ओशाळलेपण नव्हते, उलट थोडा ताठा होता, आणि तो मला फार आवडला.

जेवण झाल्यावर काका माळ्यावर चढले. खाली आले ते लाल अलवणात बांधलेला रुमाल घेऊन. रुमाल म्हणजे दप्तराचे गाठोडे. गाठ सुटेना, ती कुणीतरी दोन-तीन पिढ्यांपूर्वी मारलेली असावी. शेवटी सुटली आणि पहिला कागद उलगडला तशी त्यातून चिमूटभर काळी वाळू चटईवर सांडली. शाई टिपण्यासाठी ओल्या अक्षरांवर टाकलेली ही वाळू. जुना कागद पुन्हा उघडलाच गेला नसेल तर ती घडीत तशीच राहते. म्हणजे लिहिणाऱ्याने घडी घातली त्यानंतर तो कागद वाचणारी बहुधा मीच पहिली.

मोडी लिहिणारा हात उचलत नाही. सगळी ओळ एका दमात, वरून रेघ, खाली अक्षरे रेघेला लोंबणारी. जमाखर्चाची वही होती ती. पाडव्याला ‘श्री’ घालून सुरू केलेली. तेल, गूळ, मीठ, न्हाव्याचे बलुते, बेड्यांची म्हणजे सुपाऱ्यांची विक्री, कुळांकडून आलेले भात, नागली, वरी, कुणाच्या नावावर किती पायल्या बाकी. पानेच्या पाने अशीच. दुपार कलेपर्यंत मी ‘चि.’ शोधत होते. चिरंजीव म्हणजे मूल. ते सापडले तेव्हा ओळ एवढीच: ‘चि.’, मग कसरीने खाल्लेले भोक, मग ‘यास पाटी’, मग आणे. पुढे काही पानांनंतर ‘मुंजीबद्दल’ अशी लांबलचक यादी, त्यात केळीची पाने, भटजींची दक्षिणा, वाजंत्री, पंगतीचे तांदूळ. मग वैद्याचे औषध. एवढ्यावर त्या मुलाचे बालपण संपले. खर्च झाला की मूल वहीत येते. हुंदडते, आजारातून उठते, कुणाचा मार खाते तेव्हा येत नाही. वही खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते, आणि प्रश्न तर पैशाचा होता.

काकू हात पुसत बाहेर आल्या. “मुलींचं काही निघतं का हो त्यात?” त्यांनी विचारले. काका म्हणाले, “निघतं ना. लग्नाची यादी निघत्ये.” ती निघालीच. मानपान, भांडी, पासोड्या, व्याह्यांचे नारळ. ज्या मुलीसाठी हे सगळे, तिचे नाव यादीत एकदा, तेही वडिलांच्या नावाच्या आडून. पुढच्या पानापासून ती या वहीतून गेली. दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या वहीत बदललेल्या नावाने गेली असेल. काकू म्हणाल्या, “मग तिथेही तीच गत.” आणि आत जाऊन त्यांनी भांडी आवरायला घेतली, जरा जास्त आवाज करत.

धोंडो कर्व्यांचे पहिले लग्न झाले तेव्हा ते चौदाएक वर्षांचे आणि राधाबाई आठ-नऊ वर्षांच्या होत्या. म्हणजे मुलगा साताऱ्याला चालत निघाला तेव्हा त्याला बायको होती. परीक्षकाला जो सतराचाही वाटला नाही तो दोन-तीन वर्षांचा संसारी होता! हा तपशील मी कितीदा वाचला असेन, पण काकूंच्या भांड्यांच्या आवाजात तो पहिल्यांदा नीट ऐकू आला. राधाबाई १८९१मध्ये गेल्या, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास. रघुनाथरावांसारखा मुलगा, संततिनियमनासाठी आयुष्य झिजवणारा, मागे ठेवून. त्यांचे लहानपण कुठे शोधावे? नवऱ्याने लिहिले तेवढेच. ज्या माणसाने पुढे बायकांच्या शिक्षणात सगळे आयुष्य घातले, त्याच्या चरित्रकाराला त्याच्या पहिल्या बायकोच्या लहानपणाची एक ओळ मिळू नये याला काय म्हणावे.

संध्याकाळी दुर्गादेवीच्या देवळात गेले. लाकडी खांब, त्यांवरचे कोरीव काम, गार फरशी. इथे सोमण मास्तरांच्या सांगण्यावरून धोंडो गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. विनायक लक्ष्मण सोमण हे गावच्या शाळेचे शिक्षक. लोकांच्या उपयोगी पडायचे वेड त्यांनी या मुलाला लावले. मुलगा कमालीचा लाजाळू. चार माणसांत तोंड उघडायचे म्हणजे घाम फुटायचा, आणि वाचायला मात्र देऊळभर माणसांसमोर बसायचा. दुसऱ्याचे शब्द वाचताना लाज वाटत नाही, हे मी शाळेत शिकवत असताना अनेक मुलांत पाहिले आहे.

याच गावाने पुढे त्यांना वाळीत टाकले. १८९३मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केले. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली विद्यार्थिनी. गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. आईच्या घरी ते उतरले तर आईवरही बहिष्कार. आणि त्याआधी बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुरूडकरांकडून वर्गणी गोळा करून गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा करण्यात पुढाकार होता तो याच माणसाचा. आता गावात त्यांचे स्मारक आहे. देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका आजोबांना मी बहिष्काराचे विचारले तर ते समुद्राकडे बघत म्हणाले, “होतं असं. तेव्हा ते कर्वे होते, महर्षी नंतर झाले.” कोकणातला माणूस पूर्वजांचा बचाव करत नाही आणि त्यांना दोषही देत नाही, तिरके बोलून मोकळा होतो.

दापोलीला जायचा रस्ता चढणीचा. वर पोचले की हवा बदलते, समुद्राचा चिकटपणा जातो. इंग्रजांनी इथे छावणी केली ती या हवेसाठी, म्हणून अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पेन्शनर शिपायांची गावात वस्ती होती, त्यांत महार पलटणींतले बरेच. गोपाळबाबा वलंगकर इथलेच रहिवासी. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली आणि १८८८मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर मुलाबाळांसह काही काळ इथे राहिले आणि मग साताऱ्याला गेले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यात. धाकटा मुलगा भिवा, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, तेव्हा अगदी लहान.

हे मला आधी माहीत नव्हते असे नाही. पण नकाशावर बोट ठेवून दापोली ते सातारा अशी रेघ ओढली आणि लक्षात आले की माझ्या वाटेने, वीसएक वर्षांच्या अंतराने, दोन मुले गेली आहेत. कर्वे आणि आंबेडकर. एकाच्या घरी लाल रुमालातले दप्तर असण्याची परंपरा. दुसऱ्याच्या बापाने पलटणीत शिक्षण घेतलेले, घरात पुस्तके आणि कबीरपंथी भजने, पण जमिनीचा, खोतीचा, देण्याघेण्याचा कागद असलाच तर तो दुसऱ्याच्या वहीत, बाकी लावलेला. काकांच्या वहीतल्या पायल्या-पायल्यांच्या ओळी आठवल्या. तिथली कुळेही कुणाची तरी मुले होती. त्यांच्या नावापुढे ‘चि.’ लागले नव्हते, ‘बाकी’ लागले होते. १९३७मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांना त्या वह्या वाचून पाहण्याची गरज नव्हती.

दापोलीच्या बाजारात चहाबरोबर घावन मिळाले, तव्यावरून थेट पानात, जाळीदार. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी न विचारता आपल्या ताटलीतली ओल्या खोबऱ्याची चटणी माझ्याकडे सरकवली. पुण्यात असे कोणी केले तर आपण दचकू.

शेरवली खेड तालुक्यात आहे. १८ एप्रिल १८५८ रोजी कर्व्यांचा जन्म इथे, आजोळी झाला. भातखाचरांत लोंब्या धरलेल्या, बांधावर बगळे, आणि गावात शिरताना कुत्र्यांनी केलेले स्वागत. मी मुद्दाम आडवाट करून इथे आले ती एका साध्या कारणासाठी. बाळंतपण माहेरी होते. चरित्रकार मुलाचा जन्म बापाच्या गावात, बापाच्या दप्तरात शोधतात. पण मूल जन्मते ते आईच्या माणसांत. सुईण तिथली, बाराव्या दिवसाचे घुगरीचे हरभरे तिथले, पत्रिका मांडायला बोलावलेला जोशीही बहुधा तिथलाच. म्हणजे पहिल्या महिन्यांचे जे काही लिहिलेले असेल ते अशा घरच्या वहीत, जिथे बाळाच्या आडनावाचे कोणी नाही. आजोळ, मावशीचे घर, आत्याचे घर ही मराठी बालपणाची निम्मी भूमी, आणि कुलवृत्तांतांनी ती सोडून दिली आहे. कर्व्यांना आजोळकडचा गोतावळा आयुष्यभर पुरला. अंजर्ल्याजवळच्या मुर्डीतला रघुनाथ परांजपे हा त्यांचा आजोळकडचा भाऊ. त्याला शिकायला त्यांनी आपल्याकडे आणले, आणि तो पुढे केंब्रिजचा सीनिअर रँग्लर झाला. मुलींच्या बाजूने चाललेली अशी नाती कुठल्याही वंशवृक्षावर दिसत नाहीत.

वडील केशवपंत कोरेगावात (कोकणातल्या, साताऱ्याकडचे ते वेगळे) एका जमीनदार घराण्याचा कारभार पाहात. पगार बेताचा, घर जुने आणि इभ्रतीचे. बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना दहा रुपये दक्षिणा मिळत होती, ती घ्यायला जाऊ का, असे मुलाने आईला विचारले तेव्हा ती संतापली आणि जाऊ दिले नाही. दहा रुपये तेव्हा थोडे नव्हते. न घेतलेले दहा रुपये कुठल्या जमाखर्चात लिहितात? मुलाने ते डोक्यात लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळले. आत्मचरित्राचा खरा उपयोग इथे आहे. घरचा कारकून जे झाले ते लिहितो, न झालेले लिहायला आठवण लागते.

खेड सोडून परशुराम घाट उतरला की खाली चिपळूण आणि वाशिष्ठी. घाटाच्या अंगावर परशुराम गाव आहे, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे तिथे १८८०मध्ये जन्मले. तेही भारतरत्न. या टापूची माती कशाची आहे कोण जाणे, असे म्हणायचा मोह होतो, पण मातीपेक्षा कारण साधे असावे. इथे पिकत थोडे, खाणारी तोंडे फार, म्हणून मुलांना परीक्षा देऊन बाहेर पडावेच लागे. हुशारी मागून आली, आधी उपासमार होती.

चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाहायचे ठरवलेच होते. हे वाचनालय १८६४चे. कर्वे सहा वर्षांचे असतानाचे. २००५च्या पुरात आणि पुन्हा जुलै २०२१च्या पुरात त्यात पाणी शिरले. रस्त्यावर आजही एखादा माणूस हात छातीच्या वर, मग डोक्याच्या वर नेऊन दाखवतो: “इथपर्यंत.” मी उतरले होते त्या घरच्या मावशींचे एक ट्रंकभर कागद त्या पुरात गेले. त्यांनी ते सांगितले ते भाजी निवडता निवडता. “आधी वाळवीनं खाल्लेन, राहिलेलं उंदरानं, आणि उरलेलं नदीनं नेलन. आता प्रश्नच मिटला.” मग म्हणाल्या, “भिजलेले पंख्याखाली वाळवत होतो हो आम्ही. एकेक पान. सोडवायला गेलं की साय निघावी तशी शाई निघत होती.” कोकणात जुना कागद टिकला तर तो निव्वळ माणसाच्या मेहनतीने टिकतो. दरवर्षी दसऱ्याच्या उन्हात काढा, झटका, कडुलिंबाची पाने घाला, पुन्हा बांधा. जिथे मुले मुंबईला गेली आणि घराला कुलूप लागले, तिथे दोन पावसाळ्यांत शतकाचे काम होते.

पोफळीपासून कुंभार्ली सुरू होतो. डोंगराच्या पोटात कोयनेची वीजनिर्मिती चालते आणि बाहेर मात्र धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही. गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत होती. खिडकीतून येणारे तुषार अंगावर घेत बसलेल्या मला त्या मुलांच्या पायांत काय होते याचा विचार सुचला. वहाणा असतील किंवा नसतील. अंगावर घोंगडी किंवा इरले, काखेत पंचा, आणि त्यात कुठेतरी न भिजता ठेवलेला वयाचा दाखला. भर पावसात शंभर मैल कागद कोरडा ठेवणे ही परीक्षेपेक्षा अवघड गोष्ट. आणि तो ज्याने वाचायचा त्याने चेहरा वाचला.

घाटमाथ्यावर पोचल्यावर दहा मिनिटांत देश बदलतो. हेळवाकच्या पुढे छपरे बदलतात, बायकांच्या साडीचे नेसणे बदलते, आवाज वाढतो. कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७चा भूकंप सोसलेली पिढी अजून भेटते. पाटणच्या खाणावळीत मालकीणबाईंनी माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकताना विचारलेच नाही. मी “पुरे” म्हटले तर म्हणाल्या, “कुटं पुरं? एवढ्यावर सातारा गाटायचा व्हय?” ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचे वाटण घातलेली आमटी, खर्डा. कोकणात आग्रह करतात तो “घेणार का थोडं?” असा, नाही म्हणायला जागा ठेवून. इथे आग्रह हा हुकूम असतो. माहेरची कोण, कुठल्या कुळातली, याची चौकशी नाही. “एकटीच फिरताय?” हा मात्र प्रश्न दोन वेळा आला, आणि त्यात काळजीही होती आणि थोडा संशयही.

ब्राह्मणाच्या मुलांना त्या काळी या रस्त्यावर रात्री पाठ टेकायला कुणाची तरी ओसरी मिळे, पोटात दोन घास पडत. उंब्रजवरून पुढे जाताना मसूरची पाटी दिसली आणि दुसरा प्रवास आठवला. १९०१च्या सुमारास साताऱ्याहून निघालेली आंबेडकरांच्या घरची मुले मसूर स्टेशनवर उतरली, वडिलांना भेटायला. स्वच्छ कपडे, नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तर आस्थेने बोलला. जात कळली तसा पाच पावले मागे सरला. गाडीवाले गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर, मुलांनीच बैल हाकायचे या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर पाणी मिळाले नाही. आंबेडकरांनी हे पुढे इंग्रजीत लिहून ठेवले. या प्रवासाचा कुठला कागद असणार? तिकीट असेल, तेही स्टेशनवर परत घेतलेले. कर्वे आणि आंबेडकर यांची वाट एक आणि लिहायची रीतही एक: मोठेपणी, आठवणीतून, फारसा गहिवर न आणता. एकाला दारातून परत पाठवले ते चेहरा पाहून, दुसऱ्याला चेहरा पाहून जवळ केले आणि जात ऐकून दूर. अधिक खोल कुठला घाव, हे विचारायची वेळ येऊ नये इतके ते उघड आहे.

सातारा गाठला तेव्हा अजिंक्यताऱ्यावर उन्हे होती. जुन्या राजवाड्यातल्या प्रतापसिंह हायस्कुलात मी गेले. १९००च्या ७ नोव्हेंबरला, १९१४ या क्रमांकावर, ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव ज्या नोंदवहीत चढले ती वही याच शाळेची. आता ७ नोव्हेंबर महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. या ओळीला खर्चाची जोड नाही, मानपानाची यादी नाही. कुणाची मालमत्ता नाही, कुणाचे देणे नाही. एक मूल शाळेत आले एवढेच. माझ्या सगळ्या वाटेत मुलासाठी म्हणून लिहिलेली ही एकच ओळ होती, आणि ती घरात नव्हे, शाळेत लिहिली गेली होती. कर्व्यांची साताऱ्यात नोंद कशी असणार? त्यांना तर परीक्षेला बसूच दिले नाही. ते तसेच मुरूडला परतले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन उत्तीर्ण झाले.

मला काही पानांच्या प्रती काढायच्या होत्या. जिल्हाधिकारी कचेरीच्या अंगाला झेरॉक्सच्या दुकानांची रांग आहे. पाटणकडची पोरे पोलीस भरतीसाठी आलेली. उंची, छाती, धावणे यांच्या गप्पा चाललेल्या, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल, तीत जातीचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. माझ्या पुढच्या मुलाचे दुकानदाराशी जोरात चालले होते. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी.

“दाखल्यावर एक जून हाय ना? मग तीच,” दुकानदार म्हणाला. “गुरुजींनी टाकलेली. आमच्या गावात निम्म्यांचा वाढदिवस एक जूनलाच असतोय.”

“पण मी एक जूनचा न्हाई ओ. आई म्हणती, भात कापायला आलं हुतं तवा झालास.”

“आईला काय विचारतोस? साहेब आईला विचारनार हाय व्हय? हे घे, प्रतिज्ञापत्राचा नमुना. शंभर रुपये.”

मुलगा माझ्याकडे वळला. “तुम्ही सांगा ताई. कुठली तारीख धरतात?”

“शाळेची,” मी म्हटले.

“बघ,” दुकानदार म्हणाला, आणि माझ्या हातातली पाने घेऊन विचारले, “दोन्ही बाजूंनी काढू?”